टेबलावरची तांबडी भाकरी

वहिनी, उद्या प्रभुभोजनाचा रविवार आहे आणि घरात भाकर नाही. म्हणजे भाजली होती. आज दुपारी तुझ्याच तव्यावर, तुझ्यासारखंच झाकण टाकून, वर निखारे ठेवून भाजली. कडा करपल्या, मध्ये थोडी कच्ची राहिली, पण झाली होती. ती कुठे गेली ते शेवटी सांगते. आधी आपलं भांडण पुरं करू. तू मंगळवारी ते अर्ध्यात सोडून गेलीस, आणि मला अर्धवट भांडण ठेवायची सवय नाही हे तुला माहीत आहे.

चार दिवस चर्चच्या मंडळीतली माणसं येताहेत. सगळे एकच बोलतात, सगुणाबाई म्हणजे दिवा होता, सगळ्यांना उजेड देऊन गेल्या. मी ऐकून घेते, चहा देते. आणि मनात म्हणते, एवढा उजेड होता तर तिला इतकी वर्षं दाराजवळच्या शेवटच्या बाकावर का बसू दिलंत? काल मंडळीचे थोरले पंच शिमोनराव आले. टोपी हातात घेऊन बसले आणि उठताना म्हणाले, "बाई, राहूनच गेलं बघा." राहून गेलं! छत्री राहून जाते, धुणं वाळत घालायचं राहून जातं. तू प्रभूच्या टेबलापासून तोडलेली अशीच गेलीस, भाकरीचा तुकडा तोंडात न पडता गेलीस, त्याला हे राहून गेलं म्हणतात. त्यांचा राग आलाच, पण खरं सांगते, तुझा जास्त आला. 'चुकले' एवढंच म्हणायचं होतं तुला. तोंडातून एक शब्द काढायला काय जातं, असं मी तुला किती वेळा म्हटलं असेन.

दादा गेला तेव्हा लोकांनी तुला विचारलं होतं, आता माहेरी जेऊरला जाणार का? तू माझ्याकडे बोट दाखवलंस. "वन्सं एकट्या हायत की. त्यांना सैपाक कुटं येतो?" स्वयंपाक मला येत होता. आजही येतो. पण भरल्या घरात, दादाला माती देऊन आलेल्या माणसांसमोर तू ते म्हणालीस आणि मी रडता रडता हसले. तेव्हापासून आपण दोघीच. मी शाळेत शिकवायला जायची, तू घर सांभाळायचीस. मी वयानं धाकटी, तरी मी तुला 'तू' म्हणायची आणि तू मला 'तुमी'. ते बदल म्हटलं तर म्हणायचीस, नणंदेला 'तू' म्हनलं तर जीभ झडंल. बाकी कुणासमोर तुझी जीभ झडायची नाही.

आपल्या मंडळीत मुठीची रीत आहे. रोज पीठ मळायला घेताना घरातल्या बाईनं एक मूठ प्रभूसाठी बाजूला काढायची. महिन्याच्या शेवटी घराघरांतलं ते पीठ एका डब्यात जमा व्हायचं आणि तो डबा तुझ्याकडे यायचा. त्यातून तू प्रभुभोजनाच्या टेबलावरची भाकर करायचीस, उरलेलं पाळकसाहेबांच्या घरी जायचं. तुझी भाकर जाड असायची, वर सुरीनं आडवी-उभी रेघ, म्हणजे मोडताना सरळ मोडते. सगळ्या मंडळीत ती तुझ्याइतकी कुणाला जमायची नाही. या एका गोष्टीचा तुला थोडा गर्व होता, नाही म्हणू नकोस.

बहात्तरला पाऊस गेला आणि पुढचा उन्हाळा सगळ्यांच्या उरावर आला. रेशनवर मिलो मिळायची, ती तांबडी परदेशी ज्वारी. भाकरी थापली की कडेनं फाटायची, खाल्ली की घशात अडकायची. त्या मिलोवर सगळं सोलापूर जगत होतं. मंडळीच्या पंचांनी ठरवलं, की ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत मूठ काढायची ती गव्हाचीच. ईस्टरला टेबलावर तांबडं नको. हे शिमोनरावांनी पुढाकार घेऊन ठरवलं आणि स्वतःच्या घरापासून पाळलं. त्यांचा नातू तेव्हा आजारी होता. त्याच्या पेजेसाठी कुठून कुठून मिळवलेल्या गव्हातून त्यांची सून मूठ काढायची. हे मी त्यांच्या बाजूनं लिहिते आहे, कारण ते खरं आहे.

आपल्या कंपाउंडच्या मागे, रुळांकडच्या मोकळ्या जागेत, दुष्काळी कामावरची माणसं येऊन पडली होती. बरीचशी करमाळ्याकडची, जेऊरला गाडीत बसून आलेली. बायामाणसं सकाळी खडी फोडायला जायची आणि पोरं मागे धुळीत बसून राहायची. एका दुपारी शाळेतून आले तर मागच्या पायरीवर तीन पोरं बसलेली आणि तू त्यांच्या हातावर पोळी ठेवत होतीस. मला बघून हसलीस. "आमच्या गावची हायत, वन्सं. बोलीवरनं वळाकलं." कुणाची म्हणून विचारलं, तर तू सांगितलंस पाटलाच्या आळीतली. त्या आळीतून तुझा बाप चपला हातात घेऊन जायचा, हे तू मला एकदाच, भांडी घासता घासता सांगितलं होतंस.

मग चार-पाच दिवसांनी त्या पोरांची आई आली. अनसाबाई. कंपाउंडची भिंत पडली होती तिथे उभी राहिली, आत पाऊल टाकलं नाही. हातावर खडीचे घट्टे, डोक्यावरून पदर मात्र पाटलिणीसारखा.

"माज्या पोरांना कोन खायाला घालतंय?"

"मी," तू म्हणालीस.

"तू कुनाची?"

तू बापाचं नाव सांगितलंस. तिला ते कळलं हे तिच्या तोंडावर दिसलं. ती भिंतीवरून वाकली आणि थोरल्या पोरीचा दंड धरला. पोरीच्या हातात अर्धी पोळी होती. ती टाकायची की खायची हे तिला समजेना. आम्ही सगळ्याच त्या पोळीकडे बघत राहिलो. पोळी खाली पडली असती तर मी त्या बाईला काय बोलले असते ते माझं मला माहीत. पण तिनं पोरीचा दंड सोडला.

"खात्यात तर खाऊ देत," ती म्हणाली. "मी न्हाय खानार. तुज्या हातचं पानी बी न्हाय घेनार. आन तुमच्या देवाचं नाव माज्या पोरांच्या कानावर घालायचं न्हाय. घातलंस तर पोरं उपाशी मरतील, पन हितं येनार न्हायत."

"न्हाय घालनार."

"शपत घे."

"शपत आमी घेत न्हाय. न्हाय म्हनलं म्हंजे न्हाय."

ती गेल्यावर मी तुला फाडून खाल्लं. म्हटलं, अगं, तुझ्या हातचं पाणी चालत नाही तिला, आणि वर अटी घालते! निदान पोरांना एखादं गाणं शिकव, एक गोष्ट सांग. त्यांना कळायला नको कुणाच्या नावानं खातो आहोत? ही कसली साक्ष, मुक्यानं दिलेली? तू पोळपाट धूत होतीस. "शबुद दिलाय, वन्सं," एवढंच म्हणालीस. मी म्हटलं, मग त्या पोरांना काय कळणार? "पोटात गेलं ते कळतंया की," म्हणालीस, आणि पोळपाट भिंतीला उभा करून ठेवलास.

ते पीठ कुठलं हे मी विचारलं नाही. मला वाटलं, आपल्या दोघींच्या वाटणीचे जे मूठभर गहू मिळत होते त्यातलं तुझं तू घालते आहेस. माझ्या ताटात मिलो होती, तुझ्याही ताटात मिलोच होती.

ईस्टरच्या सकाळी आपलं प्रभूचं देऊळ भरलं होतं. बायका धुवट लुगड्यांत, पुरुष इस्त्रीचे सदरे घालून, दुष्काळ बाहेर ठेवून आल्यासारखे. टेबलावर पांढरं फडकं, त्याखाली ताट. तू नेहमीप्रमाणे बायकांच्या बाजूला पहिल्या बाकावर, मी तुझ्या शेजारी. मंडळीचे वडील म्हणून फडकं उचलायचा मान शिमोनरावांचा. त्यांनी दोन्ही हातांनी ते उचललं आणि तसंच हवेत धरून उभे राहिले. त्यांना ते खाली ठेवता येईना की घडी घालता येईना. ताटात मिलोची भाकरी होती, कडेनं फाटलेली आणि तांबडीलाल. वर तुझी आडवी-उभी रेघ.

मागे कुणीतरी खोकलं. मी तुझ्याकडे बघितलं. तू मान खाली घातली नव्हतीस, पाळकसाहेबांकडे सरळ बघत होतीस. तुझा हात मात्र माझ्या मनगटावर आला होता. पाळकसाहेबांनी एकदा भाकरीकडे बघितलं, एकदा तुझ्याकडे, मग खिडकीतून बाहेर बघितलं. मला वाटलं, आता हे उपासना थांबवतात. त्यांनी भाकरी उचलली, नेहमीचे शब्द म्हटले आणि ती मोडली. मिलोच ती, तुझ्या रेघेला जुमानते कुठे? चुरा होऊन पांढऱ्या कापडावर सांडली. ताटली बाकांवरून फिरायला लागली. काहींनी घेतलं, काहींनी ती हात न लावता पुढे दिली. शिमोनरावांचं सगळं घर न घेता बसून राहिलं. मी घेतलं, पण गिळवेना. तू घेतलंस, खाल्लंस, आणि मांडीवर पडलेला कण बोटाला चिकटवून तोही तोंडात टाकलास.

पंच त्याच आठवड्यात बसले. संध्याकाळची प्रार्थना झाल्यावर तुला उभं केलं. पीठ कुठे गेलं? पोरांनी खाल्लं. कुणाच्या? तू लपवलं नाहीस, गाव सांगितलंस, आळी सांगितलीस. तेव्हा शिमोनराव उठले. ते आवाज चढवणारे नाहीत. गिरणीत साच्यांच्या आवाजात जन्म गेला त्यांचा, तरी हळू बोलतात. म्हणाले, "माझ्या बापाला असल्याच आळीतल्या लोकांनी उन्हात उभं केलं होतं. वाड्यासमोर सावलीत उभा राहिला म्हणून. आणि माझ्या आजारी नातवाच्या तोंडची मूठ तुम्ही त्यांच्या नातवंडांना घातलीत?"

पाळकसाहेबांना तुला वाचवायचं होतं. त्यांनी वाट दाखवली. "सगुणाबाई, प्रभूच्या नावानं दिलंत ना? त्या मुलांना सांगितलंत ना, हे अन्न कुणाचं?" वहिनी, हो म्हणायचं होतंस. सगळं तिथेच मिटलं असतं. तू म्हणालीस, "न्हाय."

"मग आम्हाला विचारायचं तरी होतं," शिमोनराव म्हणाले.

"इचारलं असतं तर तुमी न्हाय म्हनला असता. आन तुमी न्हाय म्हनल्यावर दिलं असतं, तर ती चोरी झाली असती."

बायकांत कुणीतरी फिसकन हसलं. मला तुझ्या या तर्काचा आजही राग येतो, तो तुझ्याच सोयीचा होता. पण हसू मलाही आलं होतं. मग निकाल झाला. सगुणाबाईंनी मंडळीसमोर उभं राहून 'मी चुकले' म्हणावं. म्हणेपर्यंत त्यांना प्रभुभोजन नाही. मी ताडकन उठले आणि पंचांना बरंच काही सुनावलं. त्यातलं निम्मं मला आता आठवतही नाही. तू खालून माझा पदर ओढलास. "वन्सं, घरी चला. दूध चुलीवर ठिवून आलीया."

त्या रात्री जेवताना मी तुला म्हटलं, म्हणून टाक. त्यांचा मान राहील, तुझं टेबल राहील. तू भाकरीचा घास हातात धरून म्हणालीस, "चुकले म्हनलं, तर पोरांनी खाल्लं ते चुकीचं व्हईल. आता ते त्यांच्या पोटातनं कसं काडू?"

पाऊस आला तशी माणसं गावाला परतली. अनसाबाई जाताना भिंतीपाशी उभी राहिली. पोरांसोबत गेलेली आपली ताटली थोरल्या पोरीकडून परत पाठवली, घासूनपुसून लख्ख केलेली. तुझं काय झालं हे तिला कळलं नव्हतं. मी सांगायला निघाले होते. तू माझ्या वाटेत उभी राहिलीस, दोन्ही हात दाराच्या चौकटीला लावून. "न्हाय सांगायचं. खाल्लेलं कडू व्हतं त्यानं."

नंतर टेबलावर बेकरीचा पाव यायला लागला. तो गोड होता, म्हाताऱ्या माणसांना प्रभुभोजनाला चहा-पाव घेतल्यासारखं वाटायचं. कुरकुर वाढली. मग एका शनिवारी पिठाचा डबा काही न बोलता आपल्या ओट्यावर येऊन बसला. कुणी पाठवला हे कुणी सांगितलं नाही, आणि तूही विचारलं नाहीस. पदर खोचलास आणि कणीक मळायला बसलीस. मला वेड लागायची पाळी आली. म्हटलं, यांना भाकर करून देणार आणि हे तुला तुकडा देणार नाहीत! लाज नाही वाटत? "कुनाला, वन्सं? मला का त्यांना?" म्हणालीस, आणि पाण्याचा हात लावून मळत राहिलीस.

शेवटचा बाक तू स्वतःच निवडलास. ताटली तुझ्यापाशी आली की देणाऱ्याचा हात अवघडायचा, ते तुला बघवत नव्हतं. तुझ्याबरोबर मीही मागे बसते म्हटलं, तर म्हणालीस, दोगींनी उपाशी राहून काय व्हनार? म्हणून मी पुढे बसून तुझ्या हातची भाकर घेत राहिले आणि तू दाराशी बसून लोकांच्या माना मोजल्यासारखी सगळ्यांकडे बघत राहिलीस. मधल्या काळात सरकारं बदलली, आणीबाणी येऊन गेली, पण शिमोनराव आणि तू, दोघं जागचे हलले नाहीत. त्यांची बायको लुळी पडली तेव्हा तिची वेणी घालायला तू दर आठवड्याला जायचीस. तू आलीस की शिमोनराव उठून बाहेर जायचे. वेणी झाली, तू निघालीस, की आत यायचे. म्हातारी मला म्हणाली होती, माझ्या घरात दोन दगड येतात-जातात आणि मी मध्ये पडून असते.

तुझ्या पोटातली गाठ डॉक्टरांनी उशिरा सांगितली. घरी न्या म्हणाले. गेल्या रविवारी, प्रभुभोजनाचा रविवार नसताना खास तुझ्यासाठी म्हणून, उपासना संपवून पाळकसाहेब आणि शिमोनराव आले, हातात झाकलेली ताटली घेऊन. मी तुला उशीला टेकवून बसवलं. तू इतकी हलकी झाली होतीस की मला भीती वाटली. पाळकसाहेब म्हणाले, "सगुणाबाई, बोलू नका. नुसती मान हलवा, पुरे." तू मान हलवली नाहीस. शिमोनराव खाटेजवळ आले, स्टूल ओढून बसले. "बाई, म्हणा एकदा. तुमच्यासाठी नको, माझ्यासाठी म्हणा. मलाही सुटू द्या यातून."

तू ताटलीकडे बघितलंस. "कुनी भाजली?"

"मी," मी म्हटलं.

"मदी कच्ची हाय."

झाकलेली होती गं ती! तरी तुला कळलं. मग तू शिमोनरावांकडे वळलीस. "तुमचा नातू आजारी व्हता. तुमच्या घरची मूठ त्याच्या तोंडातली हाय, ते मला ठावं व्हतं. ठावं असून मी दिली. त्येचं मला लई वाईट वाटतं, शिमोनराव. अजून वाटतं. पन चुकले म्हनत न्हाय मी."

पाळकसाहेबांचा हात फडक्यापर्यंत गेला. ते शिमोनरावांकडे बघत थांबले. शिमोनरावांनी मान वर केली असती तरी पुरे होतं. ते आपल्या तळहातांकडे बघत बसले. मी दारात उभी होते. ताटली हिसकावून घ्यावी आणि माझ्या हातानं तुला भरवावं असं वाटलं, पण तू डोळ्यांनी मला तिथेच उभं केलंस. ते उठले आणि ताटली तशीच झाकलेली घेऊन गेले.

आणि मी, वहिनी, त्यांना बोलायचं ते तुला बोलले. वाईट वाटतं म्हणालीस, तेवढं म्हणालीस, मग पुढचा एक शब्द काढायला काय जात होतं? मरतानाही हट्ट? तू भिंतीकडे तोंड केलंस. "पानी द्या," म्हणालीस. मी पाणी दिलं. मंगळवारी पहाटे तू गेलीस, आणि आपलं शेवटचं बोलणं ते राहिलं.

तुला माती द्यायला पाळकसाहेबांनी आडकाठी येऊ दिली नाही. दादाच्या शेजारी जागा झाली. शिमोनराव फावडं घेऊन सगळ्यांत शेवटपर्यंत माती लोटत होते. मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

आता आजचं सांगते.

भाकर तव्यावरून काढून फडक्यात ठेवत होते, तेव्हा मागे कुणीतरी खाकरलं. पडक्या भिंतीपाशी, त्याच जागी, अनसाबाई उभी होती. केस पांढरे झालेत, पदर तसाच. तुझ्या भावाला मी कळवलं होतं, त्याच्याकडून गावात कळलं म्हणाली. सकाळच्या गाडीनं एकटीच आली होती.

"सगुणा गेली म्हनं."

"गेली," मी म्हटलं, आणि मग माझा तोल सुटला. तू चौकटीत उभी राहायला नव्हतीस. सगळं सांगितलं. कुणाचं पीठ होतं, कुणाच्या घासातलं होतं, तिच्या पोरांपायी तुला काय झालं, शेवटच्या रविवारी ताटली कशी झाकलेलीच परत गेली. तिला लागेल असंच सांगितलं. ती ऐकत गेली तशी तिनं भिंतीचा दगड धरला.

"मला का न्हाय सांगितलं तिनं?"

"तुझ्या पोरांनी खाल्लेलं कडू होऊ नये म्हणून."

मला वाटलं, आली तशी जाईल. मग तिनं लुगडं वर धरलं, भिंतीच्या पडक्या दगडांवरून पाय टाकून आत आली आणि पायरीवर बसली, जिथे तिची पोरं बसायची तिथे.

"पानी दे," म्हणाली.

मी तुझ्या तांब्यातून दिलं. तिनं तांब्या तोंडाला लावला आणि सगळा प्याली. पदरानं तोंड पुसलं. "काय हाय घरात खायाला?"

वहिनी, टोपलीत रोजची ज्वारीची भाकरी होती. शेंगांची चटणी होती. शेजारणीनं दिलेली आमटी होती. माझा हात फडक्याकडे गेला. कुणी ढकलला नाही, मला समजलं नाही असंही नाही, उद्या काय होणार हे मला पूर्ण समजत होतं. मी ती भाकर ताटलीत ठेवून तिच्यापुढे नेली.

"ही रेग कशाला?" तिनं विचारलं.

"मोडायला सोपी जाते."

तिनं रेघेवरून मोडली. अर्धी मला दिली. "तू बी खा. सकाळपासनं काय खाल्लेलं दिसत न्हाय." आम्ही दोघी पायरीवर बसून खाल्ली. मध्ये कच्ची होती. तू बरोबर म्हणाली असतीस.

खाता खाता ती म्हणाली, "तुमच्या देवाचं नाव काय गं? तिनं कदी घेतलंच न्हाय. मीच घेऊ दिलं न्हाय." इतकी वर्षं रविवारी शब्बाथ शाळेत पोरांना प्रभूच्या गोष्टी शिकवते मी. तुझ्याशी याच गोष्टीवरून किती भांडले. मला वाटायचं, अशी वेळ आली तर मी तासभर बोलेन. नुसतं नाव सांगितलं. पुढे रडू आलं म्हणून बोलता आलं नाही. तिनं मान हलवली, म्हणाली, "बरं." उरलेले कण तळहातावर गोळा करून तोंडात टाकले, ताटली धुतली आणि संध्याकाळच्या गाडीला गेली.

तर अशी गेली भाकर. डब्यात गव्हाचं पीठ संपलंय, महिन्याची मूठ त्या एकाच भाकरीपुरती उरली होती. ज्वारीचं थोडं आहे. सकाळी उठून एक भाकरी थापीन, वर तुझी रेघ ओढीन, फडक्याखाली ठेवीन. शिमोनराव फडकं उचलतील. यावेळी त्यांचा हात हवेत राहील की खाली येईल, मला माहीत नाही. मी शेवटच्या बाकावर, तुझ्या जागी बसणार आहे. पंच उभं करतील, पीठ कुठे गेलं विचारतील, मी सांगेन. मग म्हणतील, बाई, तुम्ही शिकलेल्या आहात, 'चुकले' म्हणा आणि मिटवा.

दुपारपासून तो शब्द तोंडात घोळवून बघते आहे. मोठ्यानं म्हणून बघितला, घरात कुणी नव्हतंच. म्हणताना ती पायरीवर बसून कण गोळा करणारी बाई डोळ्यांसमोर आली आणि शब्द निम्म्यात अडला.

तोंडातून एक शब्द काढायला काय जातं, असं मी तुला म्हणायची. जातं गं, वहिनी. लई जातं.